विश्लेषण : अणुभट्टीच्या परवानगीशी शाळेच्या पैशांचा काय संबंध? इलिनॉयचे कायदे काय सांगतात?

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने नव्या अणुभट्ट्यांवर घातलेली जवळपास चार दशकांची बंदी आता पूर्णपणे उठवली आहे. विधिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केलेल्या विधेयकावर गव्हर्नर जे. बी. प्रिट्झकर यांनी जानेवारी २०२६ मध्ये स्वाक्षरी केली. बातमी ऊर्जा क्षेत्राची आहे; पण तिच्याकडे शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालकही डोळे लावून बसले होते. कारण अणुप्रकल्प असलेल्या गावांत शाळेचा खर्च मोठ्या प्रमाणात त्या प्रकल्पाच्या मालमत्ता करातून चालतो. प्रकल्प राहिला तर शाळा सुखात, गेला तर शाळा अडचणीत. हे गणित नेमके काय आहे आणि राज्याचे कायदे त्यात कुठे येतात, ते समजून घेऊ.

नेमका निर्णय काय?

इलिनॉयने ही बंदी दोन टप्प्यांत उठवली. ऑगस्ट २०२३ मध्ये विधिमंडळाने पाठवलेले पहिले विधेयक प्रिट्झकर यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले. ‘प्रगत अणुभट्टी’ची व्याख्या फार सैल आहे, त्यातून मोठ्या खर्चिक भट्ट्यांनाही वाट मिळेल, असा त्यांचा आक्षेप होता. त्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये सुधारित विधेयक मंजूर झाले आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. त्यानुसार ३०० मेगावॉटपर्यंतच्या छोट्या भट्ट्यांना २०२६ पासून मुभा मिळाली. किरणोत्सार, कचरा आणि आपत्कालीन तयारीबाबत नियम करण्याची जबाबदारी राज्याच्या आपत्कालीन व्यवस्थापन यंत्रणेवर सोपवण्यात आली.

दुसरा टप्पा २०२५ च्या कायद्याचा. यात ३०० मेगावॉटची मर्यादाही काढून टाकण्यात आली. याच कायद्यात ३ गिगावॉट क्षमतेच्या वीज साठवणुकीची, म्हणजे मुख्यतः मोठ्या बॅटऱ्यांची, तरतूद आहे. थोडक्यात, ज्या गव्हर्नरांनी २०२३ मध्ये मोठ्या भट्ट्यांना नकार दिला, त्यांनीच अडीच वर्षांच्या आत त्यांना दार उघडले.

अणुऊर्जेवर बंदी घालण्याचा अधिकार राज्याला असतो का?

अमेरिकेत अणुभट्टीची किरणोत्सारविषयक सुरक्षा हा पूर्णपणे केंद्राचा विषय आहे. त्यासाठीचा परवाना न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन ही केंद्रीय संस्था देते. पण विजेची गरज आहे का, ती परवडेल का, जमीन कोणती वापरायची, हे राज्य ठरवते. या दोन अधिकारांच्या मधली रेषा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये आखली. कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये अणुकचऱ्याची सोय होईपर्यंत नव्या भट्ट्या थांबवल्या होत्या. सुरक्षेच्या नव्हे तर आर्थिक कारणासाठी राज्य अशी बंदी घालू शकते, असे न्यायालयाने मान्य केले.

इलिनॉयने १९८७ मध्ये हाच मार्ग धरला. उच्च पातळीच्या किरणोत्सारी कचऱ्याची कायमस्वरूपी विल्हेवाट लावण्याची पद्धत केंद्र सरकार निश्चित करत नाही, तोवर विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय नवी भट्टी नाही, अशी ती अट होती. नेवाडातील युक्का माउंटन येथे असा कचरा पुरण्याची योजना पुढे रखडली आणि २०१० च्या सुमारास गुंडाळली गेली. कायमस्वरूपी जागा अमेरिकेला आजही मिळालेली नाही. म्हणजे बंदीचे मूळ कारण कायम आहे, बंदी मात्र गेली.

मग राज्याने भूमिका का बदलली?

पहिले कारण म्हणजे इलिनॉय आधीपासूनच अमेरिकेतील सर्वात मोठे ‘अणुराज्य’ आहे. ब्रेडवुड, बायरन, क्लिंटन, ड्रेस्डेन, लासाल आणि क्वाड सिटीज या सहा ठिकाणी मिळून ११ भट्ट्या सुरू आहेत. राज्यात तयार होणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज त्यांतून येते. बंदी होती ती नव्या भट्ट्यांवर. जुन्या सुरूच होत्या.

दुसरे कारण विजेची वाढती मागणी आणि डेटा सेंटर. शिकागोसह राज्याचा उत्तर भाग ‘पीजेएम’ या बहुराज्यीय वीज बाजारात मोडतो. गरजेच्या वेळी वीज देण्यासाठी तयार राहण्याचे शुल्क या बाजारात लिलावाने ठरते. २०२४-२५ साठी ते प्रति मेगावॉट प्रतिदिन सुमारे २९ डॉलर होते. २०२५-२६ साठी जुलै २०२४ मध्ये झालेल्या लिलावात ते सुमारे २७० डॉलरवर गेले. ही वाढ शेवटी ग्राहकांच्या बिलात उतरते.

बंदी उठवणारे इलिनॉय हे एकटे राज्य नाही. विस्कॉन्सिनने २०१६, केंटकीने २०१७, माँटानाने २०२१ आणि वेस्ट व्हर्जिनियाने २०२२ मध्ये अशाच बंदी मागे घेतल्या.

यात शाळा कुठून आली?

अमेरिकेत सरकारी शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ चालवते. ही स्वतःचे निवडून आलेले मंडळ आणि स्वतःचा कर असलेली स्थानिक संस्था असते. इलिनॉयमध्ये शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सांगायला नको. घर घेताना आधी ‘डिस्ट्रिक्ट कोणता?’ हे विचारले जाते आणि वर्षाच्या मालमत्ता कराच्या बिलात सर्वात मोठी ओळ बहुतेक वेळा शाळेचीच असते.

अणुप्रकल्प ही अब्जावधी डॉलरची मालमत्ता. ती एखाद्या छोट्या गावाच्या हद्दीत असेल तर गावाच्या एकूण करपात्र मालमत्तेचा सिंहाचा वाटा तिचाच असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावाची करपात्र मालमत्ता १०० रुपये आहे. त्यात प्रकल्पाचे ७०, घरे-दुकानांचे ३०. शाळेला वर्षाला ५ रुपये हवेत. कराचा दर झाला ५ टक्के. प्रकल्प साडेतीन रुपये देतो, गावकरी दीड.

आता प्रकल्प बंद पडला आणि त्याचे मूल्य ७० वरून ५ वर आले. करपात्र मालमत्ता उरली ३५. शाळेला ५ रुपये हवेच असतील तर दर सव्वाचौदा टक्क्यांच्या पुढे जातो आणि गावकऱ्यांचा वाटा दीड रुपयावरून सुमारे ४ रुपये ३० पैशांवर. म्हणजे जवळपास तिप्पट. इतका कर लोकांना झेपत नाही. कायद्यातही दरांवर मर्यादा असतात. मग शाळेला खर्चालाच कात्री लावावी लागते. शाळेचा बहुतांश खर्च पगारांवर होत असल्याने ही कात्री शिक्षकांपर्यंत पोहोचते.

असे प्रत्यक्षात कुठे घडले?

झायन येथे. शिकागोच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले हे सुमारे २४ हजार वस्तीचे शहर. येथील दोन भट्ट्या १९७३ पासून वीज देत होत्या. १९९८ मध्ये कंपनीने प्रकल्प कायमचा बंद करण्याचा निर्णय घेतला. प्रकल्पाकडून वर्षाला मिळणारा सुमारे १ कोटी ९५ लाख डॉलरचा मालमत्ता कर पुढे १६ लाख डॉलरच्या घरात आला. शहर, शाळा, वाचनालय, उद्याने अशा सगळ्यांनाच त्याचा फटका बसला. उरलेला भार घरमालकांवर आला, कराचे दर चढले आणि चढे दर पाहून नवे उद्योग यायला कचरू लागले.

भट्ट्यांचे पाडकाम पुढे पूर्ण झाले. पण सुमारे एक हजार टन वापरलेले अणुइंधन पोलाद-काँक्रीटच्या ६१ पिंपांत बंद होऊन सरोवराकाठी त्याच जागेवर उभे आहे. कचरा नेण्यासाठी देशात कायमस्वरूपी जागाच नाही. परिणामी किनाऱ्याची मोक्याची जमीन पूर्णपणे मोकळी होत नाही. १९८७ च्या बंदीमागचा प्रश्न झायनच्या दारात असा रोज उभा असतो.

बायरनची शाळा कशी वाचली?

रॉक नदीकाठचे बायरन हे चार हजारांहून कमी वस्तीचे गाव. येथील दोन भट्ट्यांची एकत्रित क्षमता २,३०० मेगावॉटच्या आसपास आहे. स्वस्त नैसर्गिक वायूमुळे वीज तोट्यात विकावी लागते, असे कारण देत तेव्हाच्या एक्सेलॉन कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर केले की बायरन सप्टेंबर २०२१ मध्ये आणि ड्रेस्डेन त्यानंतर दोन महिन्यांत बंद होईल. बायरनच्या शाळांचे बहुतांश स्थानिक उत्पन्न या प्रकल्पातून येत होते. त्यामुळे प्रकल्पातील कामगारांइतकीच धास्ती शाळांनीही घेतली.

विधिमंडळातील वाटाघाटी अगदी शेवटच्या दिवसापर्यंत चालल्या. १३ सप्टेंबर २०२१ रोजी विधेयक मंजूर झाले आणि दोन दिवसांनी त्याचा कायदा झाला. त्यात अडचणीतील अणुप्रकल्पांना पाच वर्षांत कमाल सुमारे ६९.४ कोटी डॉलरचे साहाय्य होते. हा पैसा वीज ग्राहकांच्या बिलातून उभा राहणार होता. बायरन सुरू राहिले. त्याआधी, २०१६ च्या कायद्याने क्लिंटन आणि क्वाड सिटीज हे प्रकल्प अशाच पद्धतीने वाचवले होते.

इथे राज्यापुढचा पेच दिसतो. कागदावर हे ऊर्जा अनुदान असले, तरी त्यातला काही भाग कराच्या रूपाने शाळेच्या वर्गापर्यंत जातो. म्हणजे राज्यभरातील वीज ग्राहक अप्रत्यक्षपणे काही मोजक्या गावांच्या शाळांना आधार देतात. अनुदानाला विरोध करणारे हाच मुद्दा मांडतात : शाळेला मदत करायची असेल तर ती थेट करा, कंपनीमार्फत कशाला?

राज्याच्या शिक्षण निधीचा कायदा उपयोगी पडत नाही का?

पडतो, पण हळूहळू. इलिनॉयने ऑगस्ट २०१७ मध्ये शाळांच्या निधीवाटपाचे सूत्र बदलले. प्रत्येक डिस्ट्रिक्टला मुलांच्या गरजेनुसार किती खर्च ‘पुरेसा’ आहे, हे आधी काढायचे. त्यात स्थानिक कराची क्षमता आणि राज्याचा सध्याचा निधी मिळून किती भरतो ते पाहायचे. जिथे खड्डा मोठा, तिथे नवा पैसा आधी द्यायचा. त्यासाठी डिस्ट्रिक्टचे चार गट केले आहेत. नव्या निधीपैकी ९९ टक्के पहिल्या दोन, म्हणजे सर्वाधिक गरजू गटांना जातो. दरवर्षी किमान ३५ कोटी डॉलरची वाढ करायची, असे कायद्याचे लक्ष्य आहे. जुना निधी कोणाचाही कमी करायचा नाही, ही हमीही त्यात आहे.

अणुप्रकल्प असलेला डिस्ट्रिक्ट या सूत्रात ‘श्रीमंत’ ठरतो. त्यामुळे त्याच्या वाट्याला राज्याचा पैसा थोडाच येतो आणि हमी मिळते तीही त्या थोड्या पैशांचीच. उद्या प्रकल्प बंद पडला तर सूत्र त्याची नोंद घेते, डिस्ट्रिक्ट खालच्या गटात जातो आणि नव्या निधीला पात्र ठरतो. पण तो निधी राज्यातील शेकडो डिस्ट्रिक्टमध्ये वाटला जाणारा. एका फटक्यात गेलेले कोट्यवधी डॉलर त्यातून भरायला बरीच वर्षे जातात. दुसरीत असलेले मूल तोवर माध्यमिक शाळेत पोहोचलेले असते.

प्रकल्प सुरू असला की सगळे सुरळीत?

तसेही नाही. प्रकल्पाचे मूल्य किती धरायचे, यावरून कंपनी आणि स्थानिक संस्था यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालतात. बायरनच्या मूल्यांकनाचा वाद राज्याच्या कर अपील मंडळापुढे दीर्घकाळ चालला.

वादाचे मूळ १९७० च्या राज्यघटनेत आहे. इलिनॉयमध्ये कर लागतो तो जमीन-इमारत अशा स्थावर मालमत्तेवर. यंत्रे, साहित्य अशा जंगम मालमत्तेवरचा कर तेव्हाच्या घटनेने मोडीत काढला. आता अणुप्रकल्पातला टर्बाइन स्थावर म्हणायचा की जंगम? तो उचलून नेता येत नाही, पण इमारतही नाही. उत्तर कोणत्या बाजूला झुकते, यावर कोट्यवधींचा कर अवलंबून असतो. असे वाद मिटेपर्यंत शाळेला अंदाजपत्रक आखणे अवघड जाते. कंपनी जिंकली तर आधी मिळालेला कर परत करावा लागण्याचीही टांगती तलवार राहते. म्हणून अनेकदा दोन्ही बाजू तडजोड करून काही वर्षांसाठी ठरावीक मूल्य मान्य करतात.

इतर राज्यांनी यावर काय उपाय काढला?

कॅलिफोर्नियाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील डायब्लो कॅनियन प्रकल्प २०२५ पर्यंत बंद करायचे ठरले, तेव्हा २०१८ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार वीज कंपनीमार्फत ग्राहकांच्या दरातून ८.५ कोटी डॉलरचा निधी स्थानिक संस्थांसाठी बाजूला काढण्यात आला. त्यातला मोठा वाटा सॅन लुईस कोस्टल या शालेय डिस्ट्रिक्टचा होता. उत्पन्न एकदम न तुटता हळूहळू उतरावे, हा त्यामागचा हेतू. पुढे २०२२ मध्ये राज्याने भूमिका बदलून प्रकल्प २०३० पर्यंत चालवण्याचा कायदा केला, हा भाग वेगळा. पण बंद होण्याआधीच शाळेचा विचार कायद्यात लिहिला गेला, हे महत्त्वाचे.

इलिनॉयच्या २०२१ च्या कायद्यातही वीज प्रकल्प बंद झालेल्या गावांसाठी अनुदानाची तरतूद आहे. झायनसारख्या गावासाठी ती आली मात्र प्रकल्प बंद पडून दोन दशके उलटल्यावर.

नव्या भट्ट्यांमुळे शाळांना लगेच पैसा मिळेल का?

लगेच नाही. बंदी उठणे म्हणजे परवानगी मिळणे नव्हे. कंपनीला केंद्रीय आयोगाकडून बांधकाम आणि संचालन परवाना घ्यावा लागतो. त्यातला विलंब कमी करण्यासाठी २०२४ मध्ये केंद्राने कायदा केला आणि मे २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने परवान्यावरील निर्णयासाठी १८ महिन्यांची मुदत घातली. तरी पैसा उभा करणे आणि प्रत्यक्ष बांधकाम हे टप्पे उरतातच.

अलीकडचा अनुभव सावध करणारा आहे. जॉर्जियातील व्होग्टल प्रकल्पाच्या दोन नव्या भट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाल्या, त्या ठरल्या वेळेपेक्षा सुमारे सात वर्षे उशिरा आणि ३० अब्ज डॉलरहून अधिक खर्च करून. छोट्या भट्ट्यांचा आयडाहोतील गाजलेला नियोजित प्रकल्प खर्च वाढल्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला. इलिनॉयचे विधिमंडळ छोट्या भट्ट्यांना मुभा देत होते, तो हाच महिना.

तुलनेने खात्रीचा दिलासा आहे तो जुन्या प्रकल्पांना. क्लिंटनची सुमारे १,१०० मेगावॉट वीज जून २०२७ पासून २० वर्षे घेण्याचा करार मेटा कंपनीने जून २०२५ मध्ये केला. २०१६ च्या कायद्याचे अनुदान संपते त्याच सुमारास हा करार सुरू होतो. म्हणजे कालपर्यंत ग्राहकांच्या बिलावर तगलेला प्रकल्प उद्या डेटा सेंटरच्या भुकेवर चालेल आणि क्लिंटनच्या शाळांचा कर त्याला बांधलेला राहील.

आपल्याकडे असे होऊ शकते का?

भारतात चित्र वेगळे आहे. अणुऊर्जा हा राज्यघटनेतील केंद्र सूचीचा विषय असल्याने महाराष्ट्र विधिमंडळ इलिनॉयसारखी बंदी घालू शकत नाही आणि उठवूही शकत नाही. राज्याची भूमिका येते ती भूसंपादन, पाणी, पुनर्वसन आणि कायदा-सुव्यवस्थेत. माडबन-जैतापूर येथील ९,९०० मेगावॉटच्या नियोजित प्रकल्पाच्या वेळी ते दिसलेच. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आले. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाचा पगार गावातल्या कारखान्याच्या करावर अवलंबून नसतो, तो राज्याच्या तिजोरीतून येतो. त्यामुळे तारापूरची भट्टी उद्या थांबली तरी शेजारच्या गावातील शाळेचा पगार थांबणार नाही. याची दुसरी बाजूही आहे : १९६९ पासून वीज देणाऱ्या तारापूरचा मोठा आर्थिक वाटा शेजारच्या जिल्हा परिषद शाळेला आपोआप मिळतो, असेही नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्याने अणुऊर्जा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आहे. २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचे लक्ष्य आहे. त्यामुळे प्रकल्पग्रस्त गावाला मिळणारा लाभ कोणत्या स्वरूपात असावा, हा प्रश्न आपल्याकडेही येणार. एकरकमी मोबदला, सामाजिक दायित्व निधी, की शाळा-दवाखान्यांसाठी दरवर्षीचा ठरलेला वाटा?

इलिनॉयच्या अनुभवातून काय घ्यायचे?

तीन गोष्टी. एक, एकाच करदात्यावर उभी असलेली शाळा वरून कितीही सुबत्तेची दिसली तरी कच्च्या पायावर असते. दोन, राज्याचे शिक्षण निधीचे सूत्र न्याय्य असले तरी ते अचानक बसलेल्या धक्क्यासाठी बनलेले नसते. त्यासाठी वेगळी तरतूद लागते. तीन, ही तरतूद परवानगी देतानाच करायची असते. भट्टीचे आयुष्य ६० ते ८० वर्षांचे असले तरी ती एक दिवस बंद होणार, हे पहिल्या दिवशीच माहीत असते.

इलिनॉयने नव्या भट्ट्यांसाठी दार उघडले आहे. त्या दारातून पहिली कंपनी आत येईल तेव्हा तिच्या अर्जात मेगावॉट, खर्च आणि मुदत हे आकडे असतीलच. ज्या गावात ती उभी राहील, तेथील शाळा मंडळाने आणखी एक आकडा मागायला हवा : प्रकल्प बंद झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षी शाळेकडे किती पैसे असतील? झायनने हा प्रश्न विचारला तेव्हा फार उशीर झाला होता.